चढावर लागणारा दम

४ मार्च

राव्दनाने ही वही दिली. मुलगी एकतीस वर्षांची आहे, आणि बापाला वही द्यायचं हे काही वय नव्हे. म्हणाली, "बाबा, तुझ्या डोक्यात ज्या वाटा आहेत त्या यात उतरव. वसंतात कळप समुद्राकडे नेताना कुठे थांबायचं, कुठल्या तळ्यावरचा बर्फ फसवा, कुठल्या चढाला कुठून भिडायचं."

"का? माझं डोकं कुठे जाणारेय का?"

"तसं नाही रे."

तसंच आहे. छत्तीस वसंत मी आमचे रेनडिअर घेऊन उत्तर नॉर्वेतल्या कौतोकेइनोच्या पठारावरून किनाऱ्यापर्यंत गेलोय. पुढे माझी बर्फगाडी, तिला दोराने बांधलेला, गळ्यात घंटा असलेला आमचा पांढरा नर, गाब्बा, आणि त्या घंटेमागे सगळा कळप. कळपात किती जनावरं ते आमच्यात कुणी विचारत नाही, म्हणून कागदालाही सांगणार नाही. वाटा तर मुळीच नाही. त्या एकदा वहीत उतरल्या की माझं काम काय उरलं? बाकीचं लिहीन.

आज उणे बावीस. वारा नाही. कॉफीत गवत पडलं.

५ मार्च

गवताचं सविस्तर लिहायला हवं, कारण अन्याय झाला आहे.

ते पडलं माझ्या मेहुण्याच्या कॉफीत. माहत्ते गावात गॅरेज चालवतो आणि स्वतःला गाड्यांचा मोठा डॉक्टर समजतो. दातातून काडी ओढून काढत बहिणीला म्हणाला, "ताई, कॉफी छान झालीय. पण मला चरायचं असेल तर मी बाहेर जाईन."

बहीण म्हणजे माझी बायको, एल्ले. ती हसली नाही. चुलीवरच्या दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या गवताच्या दोन्ही जुड्या तिने काढल्या आणि माझ्या मांडीवर आणून ठेवल्या. "आजपासून हे या घरात वाळणार नाही. सगळी दुनिया कारखान्यातले बूट घालते, इस्सात."

सगळ्या दुनियेचे पाय गारठतात. माझे नाही. कातडी बूट, आत मोजा वगैरे काही नाही, नुसतं कुटून मऊ केलेलं गवत. ते मी स्वतः कापतो, स्वतः कुटतो, जुडीला स्वतःची गाठ मारतो. दिवसभरात ते पायाचा घाम पिऊन ओलं होतं, म्हणून दोन जुड्या पायात आणि दोन वाळत, असं चालतं. तीस वर्षं चुलीवर चाललं. आता चालत नाही म्हणे.

८ मार्च

युक्ती सापडली. गाडीच्या बॉनेटखाली, गरम नळीच्या वरच्या अंगाला, इंजिन हवा ओढतं त्या तोंडापाशी एक खोबण आहे. जणू माझ्यासाठीच ठेवलेली. तिथे पूर्वी एक जाळी होती, ती कुजली म्हणून मी शरदातच फेकून दिली. दोन जुड्या अगदी चपखल बसतात. कळपापर्यंत पोचेतो गवत कोरडं आणि ऊबदार.

कुणाला सांगितलेलं नाही. माहत्तेला कळलं तर हसेल, आणि हसून झाल्यावर तीच युक्ती स्वतःची म्हणून खपवेल.

११ मार्च

गाडीचा पिकअप गेला.

तळ्यामागच्या चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, आणि पुढे जायच्या ऐवजी गाडी घशात काही अडकल्यासारखी घुरघुरली आणि बसली. सोडला तर ठीक. सपाटीवर ठीक. पुन्हा चढ, पुन्हा तेच. राव्दना तिच्या गाडीवरून शेजारून वर गेली आणि जाताना तिने हात हलवला. आपली मुलगी आपल्याला मागे टाकून हात हलवते तेव्हा काय वाटतं ते लिहिणार नाही.

संशय: पेट्रोल. थंडी. माहत्ते.

१२ मार्च

माहत्तेकडे गेलो. दारात पोचण्याआधी जुड्या काढून अंगरख्यात लपवल्या. त्याने बॉनेट उघडलं, बंद केलं, गाडी घेऊन गॅरेजमागच्या टेकडीवर दोनदा चढून आला.

"दाजी, गाडी ठणठणीत आहे."

"काल नव्हती."

"मग चालवणाऱ्याचं बघायला हवं." प्लग काढून त्याने माझ्या नाकासमोर धरला. "पण हे बघा. काळा आणि ओला. पेट्रोल भरपूर पितेय आणि हवा कमी पडतेय हिला."

"सगळ्या पठारावर हवेशिवाय दुसरं आहे काय? कमी कशी पडेल?"

त्याने नवा प्लग बसवून दिला. घरी येऊन जुड्या जागेवर ठेवल्या आणि तळ्यामागे गेलो. चढाच्या मध्यात पुन्हा घुरघुर. एवढं शिकून गॅरेज काढलं आणि साधा आजार कळत नाही.

१६ मार्च

चार दिवसांत केलेले उपचार: पट्टा बदलला. टाकी रिकामी करून पेट्रोल एल्लेच्या कॉफीच्या गाळणीतून गाळलं (एल्लेला माहीत नाही, पण आजची कॉफी तिला वेगळी लागली). कार्ब्युरेटर उघडून फुंकला. गाडीला शिव्या दिल्या, मग चार प्रेमाचे शब्दही बोललो.

काही फरक नाही. फक्त काल एकदा गंमत झाली. ऊन पडून बर्फ ओला झाला होता, म्हणून रबरी बूट घातले होते, तर गाडी चढावर पाखरासारखी गेली. आज पुन्हा कातडी बूट, पुन्हा दम. यावरून माझा निष्कर्ष असा की कातडी बूट जड आहेत. एल्ले बाहेर गेल्यावर दोन्ही जोड स्वयंपाकघरातल्या काट्यावर घातले. रबरी बूटच जड निघाले. काही कळेनासं झालं आहे.

१९ मार्च

शेवटी हात टेकले आणि मार्या आजीला फोन केला. ती मंत्र पुटपुटून फोनवरूनही वाहतं रक्त थांबवते. माहत्तेचा अंगठा पट्ट्यात सापडला होता तेव्हा तिनेच थांबवलं होतं. गाडीसाठी कुणी तिला फोन केल्याचं ऐकलेलं नाही, म्हणून "गाडी" म्हणायला जीभ रेटेना.

"कोण आजारी आहे?" तिने विचारलं.

"आमच्याकडचंच आहे एक."

"काय होतंय?"

"चढावर दम लागतो. सपाटीला काही नाही, पण चढ आला की जीव जातो."

"वय?"

"तसं झालंय बरंच."

"खाणंपिणं?"

"पिणं फार वाढलंय. पूर्वीच्या दीडपट."

"कुणाला दाखवलं?"

"दाखवलं, पण त्याच्यापुढे काही होतच नाही. घरात अजून कुणाला बोललो नाही."

ती बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिली. मग म्हणाली, "श्वासाच्या वाटेत अडकलंय काहीतरी. कोरडं आहे. घरच्याच माणसाने ठेवलंय. ते काढ, म्हणजे बरं वाटेल."

घरचं माणूस. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: माहत्ते. मेहुणा घरचाच की.

फोन ठेवून वळलो तर दारात एल्ले. तिच्या हातातला मासा जमिनीवर पडला. मासे निसरडे असतातच.

२३ मार्च

घरात कुठेतरी पाणी मुरतंय. रश्शात मीठ नाही. कॉफी दिवसाला दोन कप, तीही फिकी. कपाटातली ब्रँडीची बाटली नाहीशी. सकाळी दारापुढचा बर्फ काढायला गेलो तर एल्लेने हातातलं फावडं काढून घेतलं आणि स्वतः काढू लागली. विचारलं तर म्हणते, "मला व्यायाम हवाय."

संध्याकाळी माहत्ते आला. माझ्या शेजारी येऊन बसला, खांद्यावर हात ठेवला. "दाजी, कसं वाटतंय?"

"मला काय झालंय? गाडीचं बोल."

"गाडीचं राहू द्या हो. तुम्ही महत्त्वाचे."

वीस वर्षांत हा माणूस माझ्याशी असं बोललेला नाही. याला म्हणतात मनातलं पाप. त्यानेच काहीतरी ठेवलंय माझ्या गाडीत, आणि आता त्याला ते खातंय. सगळी नळी न् नळी तपासली. अजून सापडलं नाही, पण सापडेल. शोधताना जुड्या तेवढ्या दर वेळी बाजूला काढून ठेवाव्या लागतात, तो एक त्रासच आहे.

३१ मार्च, ईस्टर

चर्चमधून आल्यावर जेवण झालं आणि कुणीच उठेना. तेव्हाच समजलं की हे ठरवून बसलेत.

राव्दना बोलली. "बाबा, या वर्षी पुढे मी होते. तू सामानाच्या गाडीवर आईबरोबर ये."

सामानाची गाडी म्हणजे भांडीकुंडी, पीठ, घोंगड्या आणि म्हातारे. माझा बाप शेवटच्या वर्षी तिच्यावर बसला होता. त्यानंतर तो वसंतात कुठेच गेला नाही.

"गाडीला दम लागतो म्हणून?" मी विचारलं.

सगळे ताटात बघू लागले.

"हो," माहत्ते हळूच म्हणाला. "गाडीला दम लागतो म्हणून."

"होईल ती नीट."

"थोरल्या डोक्याच्या चढावर काही झालं तर?" एल्लेने विचारलं.

"झालं तर खाली उतरून ढकलेन."

यावर ती उठून आत गेली. रडत होती. एका गाडीपायी एवढं रडायचं म्हणजे कमाल आहे.

थोरलं डोकं हा आमच्या वाटेवरचा सगळ्यात उभा डोंगर. एप्रिलमध्ये माद्या गाभण असतात. पुढचा माणूस चढाच्या मध्यात थांबला तर त्या मागे वळतात, खालच्या बर्चच्या रानात पांगतात, आणि गोळा करेपर्यंत वासरं नको तिथे, नको त्या बर्फात जन्माला येतात. हे मला कुणी शिकवायला नको. म्हणूनच मी म्हटलं, "चढापर्यंत मी पुढे. वर न थांबता पोचलो तर किनाऱ्यापर्यंत मीच. थांबलो तर दोर तुझा, आणि मी पुन्हा मागणार नाही."

राव्दना ताटं गोळा करू लागली. "मी तुझ्या अगदी मागे असेन," एवढंच म्हणाली.

खरं लिहितो. मला भीती वाटते. गाडीची नाही. मी चढावर थांबलो तर माझ्यासाठी काय उरेल, याची.

१२ एप्रिल

परवा निघालो. पहाटे बर्फ कडक होता. गाब्बा दोराला शहाण्यासारखा चालतो, मागे घंटेचा आणि खुरांचा आवाज. सपाटीवर गाडी उत्तम. पाय ऊबदार.

राव्दनाच्या गाडीमागच्या घसरगाडीवर या वेळी एक लाल पेटी दिसते. तिचा तंबू मात्र दिसत नाही. कालही ती उघड्यावरच कातडं पांघरून झोपली. विचारलं तर म्हणे, "हवा बरी आहे." उणे अठरा होतं.

१४ एप्रिल

हे सावकाश लिहितो. 

सकाळी आठला पायथ्याशी आलो. पायातलं गवत ओलं झालं होतं, म्हणून बदललं. ओल्या जुड्या खोबणीत ठेवल्या, म्हणजे माथ्यावर पोचेतो वाळलेल्या मिळतील. ॲक्सिलरेटर दाबला. पहिला टप्पा सुरेख झाला. मला वाटलं, जमतंय.

दुसऱ्या टप्प्यावर घुरघुर सुरू झाली. मध्यावर गाडी बसली.

मागे घंटा थांबली. घंटा थांबली की कळप थांबतो, आणि थांबलेला कळप विचार करू लागतो. पहिल्या दोन माद्यांनी माना वळवलेल्या मी पाहिल्या. उतरून ढकलू लागलो. मीच म्हटलं होतं ढकलेन म्हणून. दहा पावलं ढकलली असेल, मलाच धाप लागली. तेवढ्यात राव्दनाची गाडी वर येताना दिसली आणि लक्षात आलं की ती आता बॉनेट उघडणार आणि माझ्या जुड्या बघणार. दुसरं काही सुचेना. मी बॉनेटवर पालथा पडलो आणि त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

राव्दनाने चालत्या गाडीवरून उडी मारली. ती लाल पेटी कवटाळून धावत आली. "बाबा! बाबा, छातीत दुखतंय का? डाव्या हातात कळ येतेय?"

"माझ्या छातीला काय धाड भरलीय? हिचा पिकअप गेलाय."

"खरं सांग."

"खरंच सांगतोय. महिनाभर तेच तर सांगतोय."

"मग मार्या आजीला फोन कुणासाठी केला होतास?"

"हिच्यासाठी."

"चढावर दम?"

"हिला."

"पिणं वाढलंय?"

"पेट्रोल."

ती बर्फात बसली. पेटी मांडीवर. तिच्यावर लाल रंगात एक हृदय काढलेलं होतं. बंद पडलेलं हृदय सुरू करायचं यंत्र आहे ते, आरोग्य केंद्रातून मागून आणलेलं. ते घसरगाडीवर मावावं म्हणून तिने स्वतःचा तंबू घरी ठेवला होता. जवळजवळ चार आठवडे एल्ले झोपली नव्हती. माहत्ते एकदा गॅरेजमध्ये रडला होता. हे सगळं ती सांगत होती, आणि हसत होती की रडत होती ते मला कळत नव्हतं. मला माझंही कळत नव्हतं.

मग उठली, मला बाजूला सारलं आणि बॉनेट उघडलं. आत हात घातला आणि ओढलं. गवत आलं. आणखी ओढलं, आणखी आलं. अर्धी जुडी हवेच्या तोंडातून पार आत गेली होती.

"बाबा, ही गाठ कुणाची?"

भर कळपात एका कानावरची खूण पाहून मी जनावर कुणाचं ते सांगतो. स्वतःची गाठ ओळखायला मला वेळ लागायला नको होता. तरी लागला.

"माझी," मी म्हणालो.

"कधीपासून ठेवतोस?"

"आठ मार्चपासून."

"आणि दम कधीपासून?"

 वहीत दोन्ही तारखा लिहिलेल्या आहेत, तीन दिवसांच्या अंतराने, माझ्याच अक्षरात. माहत्तेने सांगितलं होतं, हवा कमी पडते. आजीने सांगितलं होतं, कोरडं काहीतरी, घरच्याच माणसाने ठेवलेलं. घरचं माणूस म्हणून मी सगळ्यांना मोजलं, फक्त स्वतःला धरायचं राहिलं.

गाब्बा पुढे आला, तिच्या हातातलं गवत त्याने हुंगलं आणि ओढून खाऊन टाकलं. पुरावा गेला.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, आवाजही एकदम निराळा. राव्दना म्हणाली, "चल, पुढे हो. मी कुणाला सांगणार नाही. हे थांबणं मी मोजत नाही."

मी मोजलं. ती लाल पेटी बघितली, तिच्या पापण्यांवर गोठलेलं पाणी बघितलं, आणि गाब्बाचा दोर माझ्या गाडीवरून सोडून तिच्या गाडीला बांधला. कुणी मागितला नव्हता. एवढं नोंदवून ठेवतो.

"डाव्या अंगाने चढ," मी सांगितलं. "उजवीकडच्या खडकाखाली बर्फ पोकळ असतो. आणि माथ्यावर थांबू नकोस. तिथे वारा माद्यांच्या तोंडावर येतो."

ती गेली. घंटा वाजली. त्या दोन माद्यांनी माना परत वळवल्या.

१५ एप्रिल

मी सगळ्यात मागून येतोय. छत्तीस वर्षं मी या कळपाला वाट दाखवली, आणि मान वळवून दिसेल तेवढाच पाहिला. पुढच्या माणसाला समोर फक्त बर्फ असतो. आज पहिल्यांदा सगळा कळप बघितला, पाठमोरा, एका लांब रेघेत चढ उतरताना, पांढऱ्यावर करडा, आणि अगदी टोकाला एक छोटा ठिपका, तो राव्दना. ती एकदाही मागे वळली नाही. वळायची गरजच नव्हती.

डोळ्यांत पाणी आलं. वारा होता, पण ते वाऱ्याने आलेलं नव्हतं.

३ मे, किनाऱ्यावरची झोपडी

काल पहिलं वासरू झालं. आज सकाळपर्यंत बरीच. किती ते लिहीत नाही.

माहत्ते सामान घेऊन आला. गाडी कशी नीट झाली, असं त्याने विचारलं. राव्दना म्हणाली, "बाबांनीच निदान केलं." तो मान डोलवत राहिला. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "म्हणजे आता तुमच्याशी पुन्हा नीट भांडता येईल, दाजी." मी म्हटलं, सुरू कर. त्याने माझ्या बुटांपासून सुरुवात केली.

एल्लेला राव्दनाने सगळं सांगितलं असणार, कारण रश्शात मीठ परत आलं, कपाटात बाटली परत आली, आणि दुपारी मी बाहेरून आलो तर चुलीवर दोन खिळ्यांना एक नवी दोरी ताणलेली होती. तिच्यावर माझ्या जुड्या.  कॉफी पिताना एल्लेच्या कपात एक काडी पडली. तिने ती बोटाने काढली, झटकली आणि माझ्या बुटात ठेवली.

आता वाटा लिहायला घेतो, राव्दना. वहीची पुढची सगळी पानं तुझी. पहिली गोष्ट: गवत घरातच वाळवावं.